दोरामावशीच्या हातची बॉडी

दोरामावशीने मापाची पट्टी कधी हातात धरली नाही. आमच्या सांडोर गावातल्या निम्म्या बायकांच्या आत घालायच्या बॉड्या तिने शिवल्या, त्याही मशीनशिवाय, आणि माप घ्यायची ती साध्या दोऱ्याने. माप संपेल तिथे गाठ. आकडा नाही. "बाईच्या अंगाचा आकडा मोठ्याने कशाला बोलायचा गं बाय?" म्हणायची. म्हणून ती दोरामावशी; खरं नाव तिच्या घरच्यांनाही आठवावं लागायचं.

ओट्यावर टेकली की पहिलं वाक्य, "दमले गं बाय." सकाळी सातलासुद्धा! माझ्या सासूबाई म्हणायच्या, "ही जन्मतानाच दमून आली." थट्टाच ती, पण खोटं नव्हतं. सकाळभर केळीच्या वाडीत राबायचं आणि दुपारी मांजरपाट मांडीवर घ्यायचा. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, कातडीला घासू नये म्हणून. नव्या सुना हसायच्या, "मावशी, उलटी शिवली!" तर म्हणायची, "बघायला कोण येतंय? नवरा? त्याला अंधारात शिवण दिसते होय?" सुनांची तोंडं पदरात.

एकदा माझा आणि सासूबाईंचा दोरा बदलला. माझ्या बॉडीत मी दोनदा मावले असते, आणि सासूबाई आतल्या खोलीतून ओरडतायत, "अगं सोडव कुणीतरी, श्वास कोंडला माझा!" मावशीने दोन्ही उसवल्या, पुन्हा शिवल्या.

पुढे दुकानात तयार माल आला, मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि शिवण बंद पडलं. मग माझं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. लिहायला एक ओळ लागते, बघा. नालासोपाऱ्याच्या दुकानात गेले तर तिथली बाई म्हणाली, "आंटी, साइज बोला ना." कुठल्या बाजूची सांगू? तशीच परत आले. भाच्याचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. चर्चमधून बाहेर पडलं की जो तो मिठी मारणार. मला त्या मिठीचीच भीती. येत नाही, असं भावाला कळवूनही टाकलं.

मावशीला कुणी सांगितलं कोण जाणे. काठी टेकत आली, बसली. "दमले गं बाय. ब्लाउज काढ." अरेरे नाही, कसं झालं नाही. व्रणावरून दोरा फिरवला, गाठ मारली. "तान्ह्या बाळाला मोहरीची उशी करतो ना आपण, तशी छोटी करू. नुसता कापूस वर चढतो. मोहरीचं वजन त्याला जागेवर धरेल." रोज सकाळी तिच्याकडे जाऊन मी सुया ओवून ठेवायचे. संध्याकाळी कापडावर रक्ताचे ठिपके दिसायचे.

बाराव्या दिवशी बॉडी घालून बघते, तर उशी उजवीकडे! "माझ्या उजव्या हाताला होता ना व्रण," मावशी म्हणाली. समोर बसून माप घेतलं होतं, माझी डावी ती तिची उजवी.

"मावशी, एका बाजूला दोन झाले की!"

आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच हसत होते. मग बघितलं, तिच्या बोटांची टोकं सुई टोचून टोचून सोलली होती.

"राहू दे मावशी. मी नाहीच जात लग्नाला."

"गप बस. सुया ओव."

लग्नाच्या आदल्या दिवशी बॉडी झाली. मावशीचं ते शेवटचं शिवण. चर्चच्या पायऱ्यांवर वहिनीने घट्ट मिठी मारली, आणि मी मागे सरले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला सांगायला गेले. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळलीसुद्धा नाही.

"उशी हलली नाही ना?"

"नाही मावशी. वहिनीला कळलंही नाही."

"मग निजू दे आता मला," म्हणाली, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.