बिनकुलपाची दुनळी

घोडेगावच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानाला लागून, डॉक्टर भीमराज साळवे यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. बाहेर एक बाकडं, आत हिरवा पडदा आणि पडद्यामागे सकाळी नऊपासून रडण्याचा अखंड प्रयोग. डॉक्टर अंगाने बेताचे, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारे. हाताला गुण होता, जिभेवर साखर होती आणि डोक्यात एक खूळ होतं.

खूळ असं, की पोर कशानेही आजारी असो, तपासून झालं की डॉक्टर आईबापाला तीन प्रश्न विचारत. पाणी गाळून पिता का? फवारणीचं औषध कुठे ठेवता? आणि मग पेन खाली ठेवून, चष्मा नाकावर आणून, खलनायकाच्या प्रवेशाला शोभावं अशा थाटात तिसरा प्रश्न यायचा.

"घरात बंदूक आहे का?"

जुलाबाच्या पोरालाही हाच प्रश्न आणि खरजेच्या पोरालाही हाच. ऊसतोडीवरून परतलेली भागूबाई तापलेलं लेकरू घेऊन आली, तेव्हा ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "सायेब, सा महिनं आमी पालात ऱ्हातो. बंदूक कुठली? कोयता हाय, चालंल का?"

डॉक्टर हसले नाहीत. "कोयता कुठे ठेवता?"

"उशाला."

"आजपासून पालाच्या मेढीला, उंच बांधायचा. लेकराचा हात पोचता कामा नये."

भागूबाई मान डोलावून बाहेर पडली आणि बाकड्यावरच्या बायकांना तिने ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. बाजारपेठेत डॉक्टरांचं नाव 'बंदूकडॉक्टर' पडलं ते तेव्हापासून.

कंपाउंडर कानिफनाथ एकदा औषधाच्या पुड्या बांधता बांधता म्हणाला, "सायेब, तीन वर्सं झाली. एकाच्याबी घरात बंदूक निघाली न्हाई. आता तिसरा सवाल काढून टाका."

"फवारणीच्या औषधाचं विचारतो, तेव्हा रोज औषध प्यालेलं पोर येतं का?"

"रोज कोन पितंय?"

"तेच म्हणतोय. पुड्या बांध."

खुळाला कारण होतं, पण ते डॉक्टर सांगत नसत. शिकाऊ असताना एका दुपारी त्यांच्यासमोर आठ वर्षांचा एक मुलगा आणला होता. थोरल्या भावाने खेळता खेळता बंदुकीचा घोडा ओढला होता. डॉक्टरांनी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या मुलाची आई भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत होती, "आम्हाला कुणी सांगितलं असतं तर." भीमराजांनी त्या दिवशी ठरवलं, की आपण सांगायचं. हसले लोक, तर हसू देत.

आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं.

शनिशिंगणापूरचे आबासाहेब सहा वर्षांच्या नातीला घेऊन आले होते. आरतीचा कान ठणकत होता. आबासाहेब म्हणजे पांढरा फेटा, भरघोस मिशा आणि चालण्यात असा डौल, की बाकड्यावरच्या दोन बायका आपोआप सरकून बसल्या. कानात थेंब पडले, तीन प्रश्न झाले.

"हाय की," आबासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "बाराबोरची दुनळी. वडलांच्या येळची. लायसन हाय."

पुड्या बांधणाऱ्या कानिफनाथचे हात थांबले. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"कुठे असते?"

"खुंटीला. सोप्यात. आल्यागेल्याला दिसाय पायजे ना."

"भरलेली?"

"दोनी नळ्या. रानडुक्कर काय सांगून येतंय व्हय?"

"आबा, तिला कुलपात ठेवा."

आबासाहेब मनापासून हसले. "डॉक्टर, आमी शिंगणापूरचे. आमच्या घराला दार न्हाई, तिजोरीला कुलूप न्हाई. देव राखतो. आन् तुमी म्हनता बंदुकीला कुलूप लावा? गाव तोंडात श्यान घालंल माझ्या."

आता इथे डॉक्टरांची पंचाईत झाली. ते बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातले. दुसऱ्याच्या देवावर बोलायचं नाही, हा त्यांच्या आईने घालून दिलेला नियम. पण समोर आरती होती. कानात कापूस, हातात बत्तासा आणि डोळे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपवर. हात लावून बघण्याचं वय.

"रविवारी कान बघायला घरी येतो," डॉक्टर म्हणाले.

"कान तर आत्ताच बघितला."

"दुसरा राहिलाय."

रविवारी डॉक्टरांची लूना आबासाहेबांच्या अंगणात उभी राहिली. घराला चौकट होती, दार नव्हतं. सोप्यात धान्याची पोती रचलेली आणि त्यांच्या वर, रंगमंचाच्या मधोमध मांडावी तशी, दुनळी खुंटीला पट्ट्याने लटकत होती. आबासाहेबांच्या पत्नी कडूबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि डॉक्टरांची नजर कुठे आहे ते पाहून म्हणाल्या, "तुमीच सांगा बाबा यांना. माझं चाळीस वर्सांत ऐकलं न्हाई."

"अगं, डॉक्टर कान बघाय आलेत," आबासाहेब म्हणाले.

"तुमचाच बघा म्हनावं. माझं बोलनं त्यात जात न्हाई."

डॉक्टरांनी चहा संपवला. "आबा, आधी ती रिकामी करा. काडतुसं माझ्या हातात द्या. मग पाच मिनिटं तुम्ही फक्त बघायचं, बोलायचं नाही."

हे बहुतेक काही औषधपाण्याचं असेल, अशा समजुतीने आबासाहेबांनी दुनळी बिजागरीतून मोडून उघडली, दोन काडतुसं काढून दिली, नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि बंदूक मिटवून परत खुंटीला लावली. डॉक्टरांनी काडतुसं मुठीत धरली आणि आरतीला जवळ बोलावलं.

"आरती, तुला नकला येतात?"

"येत्यात. मास्तरची येती. आजोबांची तर लई भारी येती."

"मग आजोबा बंदूक पुसतात, ती नक्कल कर बरं."

आरतीने आधी आजोबांकडे पाहिलं. आजोबा गालात हसत होते. लाडक्या नातीचा खेळ आणि नायक आपणच, यापरतं सुख नाही. आरतीने आजोबांसारखा घसा खाकरला. काल्पनिक मिशीवर हात फिरवला. कडूबाईंना हसू आवरेना. मग पोर पोत्यावर चढली, तिथून दुसऱ्या पोत्यावर, आणि एकदाही न चाचपडता पट्टा खुंटीवरून काढला. बंदूक घसरत खाली आली. तिने मागचा लाकडी दस्ता जमिनीवर टेकवला, फ्रॉकच्या घोळाने नळी पुसली आणि आजोबा नळीत डोकावून गंज बघतात, तसा एक डोळा मिटून दुसरा नळीच्या तोंडाला लावला.

बंदूक मिटलेली होती. नळ्यांची तोंडं बरोबर तिच्या डोळ्याच्या उंचीला होती. आणि तिचा दुसरा हात सरळ खाली लोंबत होता, तो घोड्यापाशी पोचत होता.

सोप्यातलं हसू बंद झालं.

"आरती," डॉक्टर अगदी सावकाश म्हणाले, "किती वेळा पुसलीस बाळा?"

"रोज पुसते. आजोबा रानात गेले की. त्यांचा तरास वाचतो."

आबासाहेब उठले, नातीच्या हातातून बंदूक घेतली आणि ती धरून तसेच पोत्यावर बसले. फेटा एका बाजूला कलला होता, तो सारखा करायचं त्यांना सुचलं नाही. डॉक्टरांनी मूठ उघडली. दोन्ही काडतुसं घामाने ओली झाली होती.

आबासाहेब म्हणाले, "तिला कदी वरडलो न्हाई. नुसतं सांगितलं हुतं, हात लावू नको."

"सांगण्याने पोरं थांबत असती, तर माझा दवाखाना बंद पडला असता," डॉक्टर म्हणाले. "आबा, तुमच्या देवाबद्दल मी काही बोलणार नाही. तो चोरावर नजर ठेवतो, खरं आहे. पण आरती काय चोर आहे? ती घरचीच."

"मंग सांगा, काय करू. पन कुलूप न्हाई लावायचं मी."

"नका लावू. ठाण्यात जमा करा."

हे ऐकून आबासाहेबांचा चेहरा असा झाला, की डॉक्टरांना त्यांचीच नाडी बघावीशी वाटली. वडलांची दुनळी खुंटीवरून गेली, तर चावडीवर कुणी चहा विचारेल का, हा प्रश्न त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता.

तोडगा काढला कडूबाईंनी. त्या पुढे आल्या आणि डॉक्टरांच्या तळहातावरची काडतुसं उचलून कमरेच्या चंचीत टाकली. पान, सुपारी, चुना आणि आता काडतुसं.

"कुलूप नगं ना? ही माझी चंची. हिच्यात हात घालायची छाती अजून या घरात कुनाची झाली न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ती नळी दस्त्यापास्नं निघती ना? नळी वर आढ्याला बांधा. शिडी मी जावंच्या गोठ्यात ठिवते. खुंटीला नुसता दस्ता ऱ्हाऊ द्या."

"नुसता दस्ता बघून लोक काय म्हनतील?" आबासाहेब म्हणाले.

"कापडाची गवसनी शिवते, तिच्यात नळीच्या जागी वाळका ऊस घाला. लांबून कळत न्हाई."

डॉक्टर खळखळून हसले. नाटकवाल्यांना लाकडाच्या तलवारीवर राज्यं जिंकता येतात, तर आबासाहेबांना उसाच्या बंदुकीवर मान का मिळू नये? त्याच दुपारी नळ्या आढ्याला गेल्या. शिडी धरायला स्वतः डॉक्टर उभे राहिले. गवसणीत ऊस सरकवताना आबासाहेब एवढंच म्हणाले, "डॉक्टर, हे भाईर कळता कामा नये." डॉक्टरांनी शब्द दिला आणि पाळलाही. कडूबाईंनी मात्र कुणालाच शब्द दिला नव्हता, त्यामुळे महिन्याभरात निम्म्या गावाला ठाऊक झालं. गंमत अशी, की चावडीवरचा चहा काही थांबला नाही.

पुढच्या वर्षी निवडणुकीआधी सगळ्यांना बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या, तेव्हा कडूबाई चंचीसकट माहेरी गेलेल्या आणि जावेचा गोठा बंद. आबासाहेब दोन दिवस दस्ता काखेत मारून शिडी शोधत फिरत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते आरतीला खोकल्यासाठी घेऊन आले. डॉक्टरांनी छाती तपासली, पाण्याचं विचारलं, फवारणीचं विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"आता मलाबी इचारणार व्हय?" आबासाहेब म्हणाले. "सगळं तर म्हाईत हाय तुमाला."

"विचारणार. दरवेळी विचारणार. आरती, घरात बंदूक आहे का?"

"हाय," आरती म्हणाली. "पन आजीनं ऊस बदलला. पयला उंदरांनी खाल्ला."

डॉक्टरांनी ते केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं आणि आवाज चढवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.