शुक्रवारची कॅसेट

रोकडेबाई गेल्याचे मला शाळेच्या जिन्यात कळले. त्यांचा धाकटा भाऊ मनोहर अंजूरहून रिक्षा करून आला होता आणि वर चढावे की नाही या विचारात खालच्याच पायरीवर उभा होता. "सर, ताई न्हाय ऱ्हायली," एवढेच तो म्हणाला. मी त्याचा हात धरला. त्याला आता महिना उलटून गेला. या महिन्यात बाईंविषयी जे बोलले गेले आणि छापले गेले, ते मी मुकाट्याने ऐकले, वाचले. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागच्या रांगेत सरकतो, आणि लिहिण्याचा तर हा पहिलाच प्रयत्न, तोही पन्नाशी ओलांडल्यावर. बाईंनी हा मजकूर पाहिला असता तर आतापर्यंतची सगळी वाक्ये खोडून "भोईर, मुद्द्यावर या" असे समासात लिहिले असते. मुद्दा असा, की मी संतापलेलो आहे.

बाई मृदुभाषी होत्या, असे छापून आले आहे. सोशिक होत्या, मायेची सावली होत्या, असेही. भिवंडीतल्या नारपोलीच्या ज्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या त्याच शाळेत मी गणित शिकवतो, आणि मी सांगतो की त्या मृदुभाषी नव्हत्या. चुकीचे उत्तर त्या एक वेळ खपवून घेत, अर्धवट उत्तर कधीच नाही. त्यांच्या आयुष्यात शाळेखेरीज जी एक गोष्ट होती, तिचा मात्र या सगळ्या लेखांत आणि भाषणांत उल्लेखही नाही. युरोपातल्या एका वाद्यवृंदाच्या संचालकाचे सगळे ध्वनिमुद्रण त्यांना जमवायचे होते. श्रोत्यांकडे पाठ करून शंभर वादकांसमोर उभा राहणारा हा माणूस. तो स्वतः एकही सूर वाजवत नाही, पण कोणता सूर किती थांबेल हे तोच ठरवतो. बी.एड.च्या वसतिगृहातल्या गोव्याच्या वॉर्डनबाईंनी त्याची एक तबकडी ऐकवली, आणि बाईंना त्याचा जन्माचा नाद लागला. त्या त्याला नुसते 'म्हातारा' म्हणत. म्हाताऱ्याला स्टुडिओचा तिटकारा होता, त्यामुळे त्याच्या तबकड्या थोड्या. बाकी सारे रेडिओवर होऊन गेलेले आणि हवेत विरलेले. मुंबईच्या फूटपाथवरच्या जुन्या ढिगाऱ्यांत वाकून वाकून बाईंनी त्या थोड्या तबकड्या मिळवल्या. उरलेले हवेतून पकडायचे, असे त्यांनी ठरवले.

त्यांची खोली एका लूमच्या कारखान्यावर होती. खाली यंत्रमाग सुरू झाले की वरची फरशी थरथरे आणि तबकडीवरची सुई उड्या मारू लागे. बाईंनी छताला पाळण्याचे कडे ठोकून घेतले, चार दोरांनी एक फळी टांगली आणि तिच्यावर रेकॉर्ड प्लेअर ठेवला. सुई स्थिर झाली. अविवाहित बाईंच्या घरी पाळणा टांगला गेला, याची चाळीत व्हायची ती चर्चा झाली. खालच्या कारखान्याचे मालक अन्सारीचाचा जिन्यात भेटले की हटकून विचारत, "मॅडम, आपका गोरा बच्चा आज सोया कि रोया?" बाई म्हणत, "तुमचे माग थांबले तर झोपेल ना, चाचा." "माग थांबले तर मेरे बच्चे रोएंगे," चाचांचे उत्तर तयार असे. दोघेही हसत नसत. मग केव्हातरी चाचांच्या घरून शेवयांची वाटी वर येई.

माग थांबत ते शुक्रवारी. त्या दिवशी सारी नारपोली कान दुखायचे थांबल्यासारखी शांत असे, आणि शाळा सुटल्यावर मी बाईंकडे जाई. चाळिशीपर्यंत मी हे संगीत ऐकलेच नव्हते, आणि पहिले काही महिने मला त्यातले ओ की ठो कळले नाही. बाईंनी म्हाताऱ्याच्या संग्रहाची विभागणी कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही अशी केली होती : 'रोजचे' आणि 'शुक्रवारचे'. तुताऱ्या आणि नगारे असलेले रोजचे, ते मागांच्या खडखडाटावर मात करते. ज्यात एकच व्हायोलिन ऐकू येईल न येईल असे सुरू होते, ते शुक्रवारचे. एका सिंफनीचे त्याने तारुण्यात केलेले आणि म्हातारपणी केलेले अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे त्यांच्याकडे होती, आणि त्यांवरून आमचा वाद वर्षानुवर्षे चालला. म्हातारपणच्या मुद्रणात तो संथ भाग फारच लांबवतो. मला त्यात दुःख ऐकू येई. बाई चिडत. "दुःख कसलं, भोईर? चिडलाय तो. पुन्हा ऐका. चेलो आत येतात तिथे, ते खर्जातले."

"इतकं हळू कोण चिडतं, बाई?"

"ज्याला मधे कुणी तोडणार नाही याची खात्री आहे, तो. तुमच्यासारखे नाही, जे चिडतच नाहीत."

मी पुन्हा ऐकले. मला दुःखच ऐकू आले, आणि भीत भीत मी तसे सांगितले. त्यांनी सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून ठेवली.

एकदा त्या मला मुंबईतल्या एका श्रवणमंडळात घेऊन गेल्या. तिथल्या एका गृहस्थांनी आमचे गाव विचारले आणि भुवया उंचावून म्हणाले, "भिवंडी? तिथे त्या खडखडाटात ऐकता तरी काय?" मी चपला शोधू लागलो. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "तुमचा पंखा मघापासून घरघरतोय," त्या म्हणाल्या, "तो बंद केलात तर सांगते." पंखा बंद झाला. दुसऱ्या खेपेला आम्हाला बोलावणे आले नाही.

म्हाताऱ्याची शेवटची मैफल एका परदेशी केंद्राने रेडिओवरून दिली, तीही नेमकी शुक्रवारी. इतर दिवशी मागांच्या मोटारींमुळे रेडिओवर नुसती खरखर ऐकू येई. त्या संध्याकाळी मात्र आवाज असा आला, की वादकांनी स्वरलिपीचे पान उलटल्याचेही कळावे. बाईंनी टू-इन-वनवर, त्यांच्या रेडिओ-कम-टेपवर, तो संथ भाग टेप केला. तीच सिंफनी, पण आणखी संथ. पुढे काही आठवड्यांनी म्हातारा गेला. ही मैफल तबकडीवर कधी आली नाही. बाईंनी पत्रे पाठवून चौकशी केली होती. कॅसेटच्या पाठीवर कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक इवलासा तुकडा असतो, तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही टेप होत नाही. बाईंनी माझ्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने तो मोडला. कागदावर फक्त 'शुक्रवार' असे लिहिले.

आजारपणात त्या एकदाच यावर बोलल्या. "माझ्यामागे भाषणं नकोत, भोईर. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली की ही वाजवा. लोक कंटाळले तर कंटाळू देत." मी हे मनोहरला सांगितले, कॅसेट त्याच्या हातात दिली, तिच्यावर काय आहे तेही समजावले. तो म्हणाला, "ताईची विच्छा हाय, वाजवू की."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात टेबलावर बाईंची तसबीर होती, मेणबत्त्या होत्या आणि शेजारी टू-इन-वन होता. त्याच्या झाकणातून मला ती कॅसेट दिसली. त्रिशरण, पंचशील झाले. मग नगरसेवक उठले. ते बोलतच राहिले... मृदुभाषी, सोशिक, सावली. बाईंना ते एकदाच भेटले होते, शाळेच्या मैदानाचा तुकडा गोदामासाठी मागायला, आणि बाईंनी त्यांना उभ्यानेच परत धाडले होते. मी वाट पाहत होतो. भाषण संपेल, मनोहर बटण दाबेल, व्हायोलिन सुरू होईल आणि त्या माणसाला तिथे बसून ते ऐकावे लागेल, या कल्पनेने मला लाज वाटावी इतका आनंद होत होता. भाषण संपले. मनोहरने बटण दाबलेही. खटकन आवाज झाला, आणि लाल दिवा विझला.

तो दिवा इतका वेळ पेटलेला होता.

"सायबांची मानसं म्हनली भाषन टेप करा," मनोहर नंतर सांगत होता. "कोरी कॅसेट न्हवती, सर. ही घेतली तर बटनच दबंना. मंग कोपऱ्यात भोक होतं त्याला चिकटपट्टी लावली." त्याच्या आवाजात अडचणीतून वाट काढल्याचे समाधान होते. माझा चेहरा पाहून तो गोंधळला. "गानं काय, नाक्यावरच्या दुकानात परत भरून भेटंल की. नाव तेवडं लिवून द्या."

त्याचे खोटे नव्हते. आमच्या गावात कॅसेट अशाच भरून मिळतात. कागदावर गाण्यांची नावे द्यायची, संध्याकाळी कॅसेट न्यायची. कुठलेही गाणे कुठे ना कुठे असतेच. जगात एकदाच वाजलेले आणि एकाच जागी उरलेले असे काही असू शकते, हे मनोहरला मी कोणत्या शब्दांत सांगणार होतो? त्याच्यावर मला चिडता येत नाही. तो बहिणीसाठी रडून रडून सुजला होता. पण त्या मांडवात एकालाही असे वाटले नाही, की या बाईला स्वतःचे असे काही ऐकवायचे असेल. तिच्याविषयी बोलायचे म्हणून तिचाच आवाज पुसला, आणि वर टाळ्या वाजवल्या. ज्यांनी वाजवल्या ते हे वाचत असतील, तर त्यांनी वाचावे.

मनोहरने ती कॅसेट मला भेट दिली. "भाषन सगळं आलंय," म्हणाला. बाईंची खोली अजून रिकामी केलेली नाही, किल्ली माझ्याकडे आहे. गेल्या शुक्रवारी मी तिथे गेलो. फळी दोरांवर तशीच टांगलेली आहे, खाली माग बंद होते. मी कॅसेट लावली आणि ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. आभार, टाळ्या, खुर्च्यांची सरकासरक, खटका... आणि मग चेलो. भाषण संथ भागाहून थोडे आखूड निघाले होते. शेवटची काही मिनिटे राहिली आहेत. इतकी वर्षे ज्या जागी बाई मला परत परत नेत होत्या, ती नेमकी जागा. बाईंचे बरोबर होते. दुःख नाही ते.

निघताना मी कॅसेटच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी नखाने सोलून काढली. आता तिच्यावर कुणाला काही टेप करता येणार नाही. ते भाषणही पुसता येणार नाही, आणि ते मला पुसायचेही नाही. ज्याला ऐकायचे असेल त्याने शुक्रवारी यावे. मी दोन्ही ऐकवीन, एकापाठोपाठ एक, मधे बटण न दाबता.