अक्का जागी आहे

आमच्या घराण्यातल्या कुठल्याही लग्नात अक्का झोपली नाही. पिंपळनेरहून यायची, बायकांच्या खोलीत दागिन्यांच्या बॅगांना पाठ टेकून बसायची आणि म्हणायची, "मी जागी शे, तुम्ही बठ्ठ्या निजी जा." आम्ही सगळ्या निजायचो. अक्का म्हणजे माझी आत्या. घरात तिचं कौतुक होतं ते एवढ्यापुरतंच.

ती जागायची ती लाजेनं. नवी नवरी असताना एका लग्नात ती घोरली आणि सकाळी माझ्या काकांनी, म्हणजे तिच्याच धाकट्या भावानं, भर पंगतीत तिची नक्कल केली. पंगत पोट धरून हसली, अक्काही हसली. त्यानंतर चार माणसांत तिनं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

मग उतारवयात तिचे पाय सुजू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर झालंय. त्यात झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि हृदयावर आणखी ताण येतो. ज्या घोरण्याला भर पंगत हसली होती, ते दुखणं निघालं. मास्क लावून रात्रभर हवा देणारं मशीन घरी आलं. काही दिवसांनी अक्का मला म्हणाली, "झोप काय ऱ्हास ते माले आते समजनं." झोप म्हणजे काय हे तिला कळलं, ते साठी उलटल्यावर!

त्याच वर्षी काकांच्या मुलीचं जळगावला लग्न निघालं. काकांनी फोनवर बजावलं, ते यंत्र आणू नकोस, व्याही बघतील तर म्हणतील घरात दुखणं आहे. दोन रात्रींचा तर प्रश्न. अक्का मशीन घरी ठेवून आली. दोन्ही रात्री बॅगांना टेकून बसली. डुलकी लागली की श्वास अडून दचकायची. मी दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, पोरीची पाठवणी होऊ दे. पाठवणीच्या गाडीला हात करता करता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

मशीन नव्हतं म्हणून गेली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते. दहाव्याला काका डोळे पुसत सांगत होते, अक्कानं एक दागिना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता धाकट्या चुलतभावाचं लग्न ठरलंय. परवा चहा पिताना बॅगांजवळ कोण बसणार, असा विषय निघाला. काकू उसासा टाकून म्हणाली, "अक्का असती तर आपण सगळ्या निवांत झोपलो असतो."

"आता तरी तिला झोपू द्या," मी म्हणाले आणि कप तसाच ठेवून उठले.