पाटीचं वजन वजा

आमच्या गिरीजच्या वाडीत केळी पिकतात, भाजी पिकते आणि सल्ले तर बारमाही. मी नोकरीला मस्कतला निघालोय हे कळल्याबरोबर, विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेली सगळी जाणकार मंडळी आमच्या ओटीवर येऊन बसली. स्वेटर ने म्हणाले, वर गार असतं. विमानात झोपू नको म्हणाले, उतरायचं राहून जाईल.

मी आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला. नोकरी हॉटेलच्या किचनमध्ये भाजी कापायची. घरची भाजी सोडून समुद्रापलीकडे परक्याची भाजी कापायला जाण्याला आमच्याकडे प्रगती म्हणत. मीही म्हणत होतो. आतून मात्र एकच घोर होता. तिथे माझ्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. ताप आला तर पाणी कोण देणार?

तिकीट काढायला आई-बाबा दोघंही माझ्याबरोबर विरारला आले.

"एकेरीच ना?" तिकीटवाल्याने विचारलं.

"एकेरी कसं?" आई उसळली. "पोरगं परत यायचंय माझं. परतीचंही काढा."

"मावशी, परतीचं कंपनी देते. दोन वर्षांनी."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तुमचा मुलगा तिथे शेख होईल."

बाबांना हसू आलं होतं, पण आईकडे बघून त्यांनी ते गिळलं. तिकीटवाल्याने तिकीट माझ्या हातात देताना बजावलं, "सामान वीस किलो. वर काही नको."

हे त्याने मला सांगितलं, गावाला नाही. आमच्याकडे परदेशी जाणारा माणूस हा माणूस नसतो, टेम्पो असतो. कुणाचा भाऊ मस्कतला, कुणाचा जावई. मला त्यांचं तोंडही माहीत नाही, पण त्यांची वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, मसाला, लोणचं माझ्या बॅगेत. जो तो पुडकं ठेवताना म्हणायचा, "हलकंच आहे रे." शेजारच्या काकूंनी तर हे म्हणत लोखंडी खलबत्ता ठेवला.

"काकू, हा हलका?"

"अरे, सुनेला मिक्सरचा मसाला चालत नाही. आणि बॅग कुणाची आहे?"

बॅग काकूंचीच होती. पत्र्याचे कोपरे असलेली, रिकामीच उचलताना कंबर आठवावी अशी. मी खलबत्ता तळाशी ठेवला.

वजन बाबांनी केलं. केळी तोलायचा काटा आंब्याच्या फांदीला टांगला, त्याला बॅग अडकवली आणि काटा बघून म्हणाले, "पंचवीस. त्यातले पाच वजा. झाले वीस."

"पाच कसले वजा?"

"बॅगेचे. मालाच्या पाटीचं वजन कोण धरतं? जन्म गेला माझा केळी तोलण्यात, तू मला शिकवतोस?"

आठवीतून पळालेला माणूस काय शिकवणार? पटलंच मला.

विमानतळावर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पच्चीस किलो है."

मी समजावलं, "मॅडम, पाँच तो बॅग का है."

त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "बॅग भी साथ जाएगी ना?"

जादा वजनाचे पैसे भरायची ऐपत नव्हती. रांगेतून बाजूला होऊन मी जमिनीवर बॅग उघडली. काढायचं काय? लोकांची पुडकी काढली तर बाबांनी गावात तोंड कसं दाखवायचं? मग माझेच कपडे काढले, चादर काढली, आईने शिवलेली गोधडी काढली. तीन शर्ट एकावर एक चढवले, वर स्वेटर. उरलेलं गाठोडं शिपायाच्या हातापाया पडून दारातूनच बाहेर थांबलेल्या बाबांना दिलं. ते घेऊन बाबा शांतपणे म्हणाले, "त्यांचा काटा बिघडलाय."

अशा रीतीने मी मे महिन्यात चार थर घालून वाळवंटात उतरलो.

पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, पुडक्यांचे मालक खोलीवर आले. मनात म्हटलं, आले वसुलीला. पुडकी दिली आणि बॅग रिकामी झाली. आत माझं म्हणून एक लुंगी राहिली.

"तुझं सामान कुठाय?" काकूंच्या सुनेने विचारलं.

मी काट्याची सगळी गोष्ट सांगितली. ती हसता हसता खाली बसली. संध्याकाळी तिचा नवरा चादर आणि दोन पँटी घेऊन आला. कुणाचा तरी जावई चपला देऊन गेला, एका पायात सैल. पुढच्या शुक्रवारी त्याच खलबत्त्यात कुटलेल्या मसाल्याचं कालवण जेवलो. आणि पावसाळा नसलेल्या त्या गावात मला सणकून ताप भरला, तेव्हा उशाशी पाण्याचा तांब्या काकूंच्या सुनेनेच ठेवला. वर शिव्याही दिल्या, आधी का नाही कळवलंस म्हणून.

मी अजून इथेच आहे. परवा गावातला एक मुलगा इकडे यायला निघाला, पहिल्यांदाच. तुझ्याशिवाय तिथे कुणाला ओळखत नाही, असं फोनवर म्हणाला. त्याला म्हटलं, "थोडी सुकेळी आण रे. हलकीच असतात." बॅगेचंही वजन धरतात, हे तेवढं आठवणीने सांगितलं.

बाबांना ते अजून मान्य नाही.