दोन्ही रेकॉर्डी सारख्याच

“ऐकलंस का रं?” दादानं विचारलं.

“ऐकलं की,” मी म्हणालो. खरं तर मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला मावसभाऊ. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होता, आणि निवृत्त झाल्यावर साताऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसला होता. येताना त्यानं एका साहेबाकडून घेतलेल्या नऊ विलायती रेकॉर्डी आणल्या होत्या. लांब केसांच्या इंग्रज पोरांची ती गाणी. शब्द आम्हा दोघांनाही धड कळायचे नाहीत, पण गिटार आणि ड्रम ऐकायला इंग्रजी कशाला लागतंय? महिन्यातून एखाद्या रविवारी मी सांगलीहून एसटीनं साताऱ्याला जायचो आणि आम्ही दुकानामागच्या खोलीत दुपारभर ऐकत बसायचो. मावशीचं म्हणणं, घरात पातेली पडली तर हीच दोघं ओरडतात आणि इथं पैसे देऊन आणलेली पडझड ऐकत बसतात.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्या नऊतली आमची सर्वांत लाडकी रेकॉर्ड आपल्याकडं नव्यानं निघाली आणि सांगलीतल्या रेडिओच्या दुकानात मला ती दिसली. मी लगेच घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून गाडीत जागा बदलत बदलत साताऱ्यापर्यंत मांडीवर नेली. दादानं दोन्ही रेकॉर्डी शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्या रेकॉर्डीचं कव्हर जाड आणि चकचकीत, माझ्या कव्हरवरच्या चित्राचा रंग फुटलेला. त्याची तबकडी हातात घेतली की भरल्यासारखी वाटायची. माझी त्यानं कडेला धरून जराशी हलवली आणि म्हणाला, “पापड हाय रं ह्यो.”

“आधी वाजव, मग नावं ठेव,” मी म्हणालो.

त्यानं आधी विलायती लावली, मग माझी. दोन्हीवर एकच गाणं, पहिल्या बाजूचं दुसरं. शेवटी गिटार थांबते, क्षणभर काहीच नसतं आणि मग एक बारीक झांज वाजते, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. दादाचं म्हणणं असं की माझ्या रेकॉर्डीत ती झांज मेलीय, नुसती सुस्कारा टाकतीय. पटावं म्हणून त्यानं पुन्हा विलायती लावली आणि सुई नेमकी तिथं ठेवली. गिटार थांबली. मी वाट बघत राहिलो. पुढचं गाणं सुरू झालं.

दादानं ‘ऐकलंस का रं?’ विचारलं ते तेव्हाच. आणि ती झांज दोन वर्षांपूर्वी मीच दादाला दाखवली होती. तेव्हा त्याला ती सापडत नव्हती आणि मी हसून म्हणालो होतो, “फौजेत तोफांनी कान गेले वाटतं तुझे.”

आता कान हे माझं पोट होतं. कुपवाडच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सचा मिस्त्री होतो. पत्र्याचे भाग कापायचे सहा पॉवर प्रेस होते तिथं. पायानं पायडल दाबलं की वरचा ठोकळा एकदा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. थांबताना आतली खीळ अडकते आणि बारीकशी ‘टिक’ होते. ती टिक पडली नाही तर ठोकळा कधीतरी आपणहून दुसऱ्यांदा खाली येईल, आणि तेव्हा माणसाचा हात आत असेल. एवढ्या दणदणाटात ती टिक मी पाच पावलांवरून ओळखायचो. मालक पाहुण्यांना सांगायचे, आमच्या मिस्त्रीचे कान म्हणजे कारखान्याचं मीटर. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, नाही कशाला म्हणू.

सांगलीला परत येताना गाडीतच मी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. डाव्या कानाला काही नाही. उजव्याला होतं, पण भिंतीपलीकडून यावं तसं. शेजारच्या बाईंना वाटलं घड्याळ बंद पडलंय, त्यांनी मला वेळ सांगितली. मी आभार मानले. मग एकेक आठवायला लागलं. बायको कधीपासून म्हणत होती, “आवं, हळू बोला की. मी काय बहिरी हाय व्हय?” मी त्यावर तिच्याशी भांडलोही होतो.

डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला गेलो तर दादानं फौजेतल्या दोन मित्रांना बोलावून ठेवलं होतं. माझा भाऊ डोळे झाकून विलायती आणि देशी ओळखतो, अशी फुशारकी त्यानं मारली होती. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पण दादाची एक सवय मला ठाऊक होती. विलायती रेकॉर्ड तो दोन्ही हातांनी कडेला धरून काढायचा, मखमलीच्या तुकड्यानं पुसायचा, मगच लावायचा. माझा पापड मात्र सरळ काढून ठेवून द्यायचा. पाठीमागं वेळ लागला की मी म्हणायचो विलायती, नाही लागला की देशी. पाचही वेळा बरोबर आलं. मित्रांनी पाठ थोपटली. दादा रेकॉर्डी आवरता आवरता माझ्याकडं बघत होता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. आता सगळ्यांची खात्री पटली होती.

त्यानंतर आठवड्याभरातच तीन नंबरच्या प्रेसवरच्या मामांनी मला हाक मारली. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कारागीर, पाटणकडचे.

“मिस्त्री, जरा कान द्या की. टिक बराबर पडतीया न्हवं?”

मी वाकलो. मामांनी पायडल दाबलं. ठोकळा आला, गेला. टिक नाही. पुन्हा दाबलं. नाही. मशीन बिघडलंय की मी, हे मला कळेना. बंद करून उघडलं आणि आत सगळं ठीक निघालं, तर? कशासाठी बंद केलं म्हणून विचारलं असतं. एक नंबरवर जाऊन ऐकायची माझी हिंमत होईना. कारण तिथंही टिक आली नाही तर मग काही शंकाच उरली नसती.

“ठीक हाय, चालू द्या,” मी म्हणालो आणि निघून आलो.

जेवायच्या सुट्टीत डबा उघडला. समोर मामा बसले होते, भाकरीवर कांदा फोडून झुणक्यावर ताव मारत होते. त्यांची दहाही बोटं शाबूत होती. त्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाची दहा बोटं असणं ही साधी गोष्ट नाही. मी ती मोजत बसलो. मामांनी हात धुतले, टोपी घातली आणि मशीनकडं चालू लागले. तेव्हा मात्र मी डबा तसाच टाकून उठलो, त्यांच्या आधी तिथं पोचलो आणि मेन स्विच पाडला.

“काय ऐकलं?” मामांनी विचारलं.

“काहीच न्हाई. मला ती टिक ऐकूच येत नाही, मामा. सकाळी खोटं बोललो.”

मला वाटलं ते चिडतील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते जवळ येऊन म्हणाले, “आवं, मला तर कवापासनं न्हाई येत. म्हणून तर तुमाला बोलावलं. हितं कुणालाच न्हाई येत, मिस्त्री. आमी समदी तुमच्या कानावर हात घालतुया आत.”

महिनाभर, किंवा त्याही आधीपासून, सहा माणसं माझ्या भरवशावर ठोकळ्याखाली हात घालत होती आणि मी साताऱ्यात भिंतीकडं तोंड करून पैजा जिंकत होतो.

आम्ही प्रेस उघडला. खीळ नीट होती, स्प्रिंग नीट होती. म्हणजे टिक सकाळीही पडत होती. त्या अख्ख्या शेडमध्ये ती ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

मालकांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी नोकरी ठेवली, मीटर मात्र बदललं. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खीळ उघडून डोळ्यांनी बघायची असं ठरलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. अजून किती जाईल, हे मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, दणदणाटातच राहिलात तर जात राहील. मी कानात कापसाचे बोळे घालायला लागलो आणि कामावर जात राहिलो. दुसरं काय येत होतं मला?

पुढच्या रविवारी दादाला सगळं सांगितलं.

“तवाच वळकलं मी,” तो म्हणाला. “झांज यायच्या आधीच तू इलायती म्हणून मोकळा झालास. येरवी तू झांजंशिवाय तोंड उघडायचा न्हाईस.”

“मग त्यांच्यासमोर बोलला का नाहीस?”

त्यानं दोन्ही रेकॉर्डी काढून माझ्यासमोर धरल्या आणि कुठली लावू म्हणून विचारलं.

“कुठलीही लाव. मला आता दोन्ही सारख्याच.”

त्यानं विलायतीच लावली, पुसून. गिटार थांबली आणि त्यानं एक बोट वर केलं. म्हणजे आता झांज वाजतीय. मी बोटाकडं बघत राहिलो. बोट खाली आलं आणि पुढचं गाणं सुरू झालं.

“गिटार येतीय न्हवं?” त्यानं विचारलं.

“येतीय,” मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं. मग मी त्याला म्हणालो, “दर खेपेला विचारत जा, दादा. आणि मी हो म्हणालो तरी माझ्या तोंडाकडं नीट बघून घे.”