लहानीने मोजलेली पायवाट

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून बारावी झालेली लहानी पहिलीच. तिची आई हिराबाई दर हंगामाला तिला घेऊन वीटभट्टीवर जायची. लहानीच्या दोन-तीन शाळा त्यातच सुटल्या, तरी ती शिकली आणि आता मुरबाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती.

वाडीतल्या सोळा पोरांची अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या गावात. वाडीने वेगळी अंगणवाडी मागितली, तर मुरबाडच्या बालविकास कार्यालयातल्या साहेबांनी नकाशा दाखवला. "किलोमीटरसुद्धा भरत नाही. कशी देणार?"

त्याच आठवड्यात क्लासच्या रेश्मा मॅडमनी अक्षांश-रेखांशांवरून, पृथ्वीची गोलाई धरून, दोन ठिकाणांमधलं अंतर काढणारा प्रोग्राम शिकवला. लहानीने फोनवर तो लिहून वाडी आणि अंगणवाडीची ठिकाणं टाकली. उत्तर आलं बावन्न किलोमीटर.

हिराबाई हसत सुटली. "एवढ्यात तं मी कल्याणला पोचंन गो!"

चूक मॅडमनी दाखवली. सूत्राला कोन रेडियनमध्ये हवे होते, लहानीने अंशच दिले होते. ते बदलल्यावर आकडा आला नऊशे दहा मीटर. म्हणजे साहेब खोटं बोलले नव्हते. लहानीचं तोंडच उतरलं.

"नऊशे कसं?" हिराबाई म्हणाली. "आमी काय उडत जातो? ओढ्याला कडा हाय, वरून खिंडीतनं जावं लागतं."

लहानी ताडकन उठली. दुसऱ्या दिवशी मायलेकी ती वाट चालल्या. प्रत्येक वळणावर थांबून लहानी फोनवरून ठिकाण टिपून घेई. अशी बत्तीस ठिकाणं झाली. एकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर प्रोग्राम मोजत गेला आणि शेवटी बेरीज आली दोन किलोमीटर सहाशे ऐंशी मीटर.

दोन्ही आकडे घेऊन ती कार्यालयात गेली. "साहेब, तुमचा आकडा बरोबर हाय. पण तो पाखराचा. पोरं या वाटेनं येतात."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "कुणी काढलं हे?"

"मीच."

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः ती वाट चालले. खिंडीच्या चढावर दोनदा बसले.

मंजुरीला पाच महिने लागले. आता वाडीतल्याच बुधूच्या पडवीत अंगणवाडी भरते. मदतनीस अजून मिळाली नाही, पण सोळाच्या सोळा पोरं येतात.

परवा डोंगराआडच्या वाडीतला म्हादू लहानीला शोधत आला. "आमची वाट कवा मोजशील गो?"

तिने त्याला रविवार दिला आणि फोन चार्जिंगला लावला.