बबनचा फलक आणि माझी पकड

हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. भल्याभल्या पुढाऱ्यांना घाम फोडणारा मी वार्ताहर, माझ्याच लंगोटीयाराच्या साठीला काय करून बसलो, ते ऐका!

बबन आणि मी डोंबिवलीच्या शाळेत एका बाकावर. तो गावठाणातला आगरी, घरची भातशेती. शेतांवर टॉवर उभे राहिले, त्याचे भाऊबंद बंगल्यांत गेले. आणि या पठ्ठ्यानं? आपल्या वाटणीच्या तुकड्यावर कबड्डीचं मैदान राखलं! तिथं पोरींना फुकट शिकवतो. बिल्डर चकरा मारून थकले. अख्ख्या जिल्ह्यात छाती फुगवून नाव घ्यावं असा माणूस एकच, आणि तो माझ्या बाकावर बसायचा!

तर साठीच्या संध्याकाळी भाषण पुटपुटत मैदानाकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थेट अंगावर!

"ए, दिसत नाही का?"

"कसं दिसणार काका? हा बॅनर बघा ना मधे!"

वळणावर हा थोरला फलक, माझ्याकडे पाठ करून उभा. फलकबाजीविरुद्ध आयुष्यभर लिहिलेला माणूस मी! समोरून कुणाचं तोंड आहे ते बघायचं कशाला? असेल कुणी दादा नाहीतर भाई! तिथूनच वॉर्ड ऑफिसला फोन.

"साहेब, सकाळी काढतो."

"मग सकाळी पहिल्या पानावर वाचा!"

हार घ्यायला बाजारात गेलो. परत येतो तर फलक गायब! काय रुबाबात चाललो म्हणता!

मैदानात मात्र सुतकी शांतता. पोरी रडकुंडीला आलेल्या. त्यांची कप्तान रेश्मा म्हणाली, "काका, आम्ही पैसे जमवून सरांचा बॅनर लावलेला. आत्ता उचलून नेला."

"जाऊ दे गं," बबन समजावत होता, "मना नको व्हता त्यो."

माझ्या बबनचा फलक? मी पेटलोच! "कुणाची हिंमत झाली? थांबा, नाव काढतो!" फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. हौस दांडगी ना!

"कुणाच्या तक्रारीवरून काढलात? नाव सांगा!"

 पलीकडून चाचरत आवाज आला, "साहेब... तुमच्याच."

"काय?"

"आणि शुभेच्छुकांत पहिला फोटोही तुमचाच आहे. आम्हीही जरा गोंधळलो. म्हटलं, साहेब तत्त्वाचे पक्के!"

मैदानाची माती चांगली मऊ होती, पण दुभंगली नाही हो!

सगळ्या पोरी माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात बबन पोट धरून हसायला लागला.

"पोरींनो, बरोबर केलं त्यानं. वळणावर बॅनर लावतात का? आनी याला मी पयल्यापासून वळखतो. शाळेच्या फायनलला यानं आपल्याच चढाईवाल्याचा पाय धरला. पंच शिट्ट्या फुंकून दमला, यो सोडतो कशाला!"

"मग त्या चढाईवाल्याचं काय झालं, सर?" रेश्मानं विचारलं.

"काय व्हनार? अजून थंडीत गुडघा दुखतो माझा!"

पोरी लोळायच्या बाकी राहिल्या. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे उडालं. बबनच्या गळ्यात हार घातला आणि एवढंच विचारलं,

"पण पकड पक्की होती की नाही?"